आत्याचा पेसमेकर, ऑक्सिमीटरवरचे ४० आणि पलंगाशेजारचा बॉक्स

रात्री सव्वाअकराला काकांचा फोन आला, आवाज एकदम बारीक, "अगं, हिची नाडी चाळीस दाखवतंय, ते मशीन बंद पडलं की काय?" आत्याला पेसमेकर बसवून तो नववा दिवस. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते की मशीन ६० वर सेट केलंय, ठोके त्याच्या खाली जाऊ देणार नाही, आणि ते वाक्य सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. आता बोटाला लावलेला ऑक्सिमीटर म्हणतोय ४०, मधेच ४१, परत ४०. मी कर्वेनगरहून निघाले ती थेट सदाशिव पेठेत.

आत्या उशीला टेकून बसलेली, चक्कर नाही, दम नाही, उलट मलाच म्हणाली, एवढ्या रात्री कशाला आलीस गाडीवर. मनगट धरून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली, खरंच ४०. मग काकांच्या जुन्या पाऱ्याच्या बीपी मशीनसोबतचा स्टेथोस्कोप काढला, तिच्या छातीला लावला आणि परत एक मिनिट मोजलं. ८०. म्हणजे छातीत ८० आणि मनगटात ४०, एकाच माणसाचं, एकाच वेळी.

हॉस्पिटलच्या नंबरवर फोन केला, त्यांनी सांगितलं की त्रास नसला तरी या आणि ईसीजी काढून जा, कारण ऑपरेशननंतर पहिले काही आठवडे पेसमेकरपासून हृदयात सोडलेली वायर हलण्याची शक्यता असते. गेलो. कागदावर दिसलं ते असं: पेसमेकरची बारीक उभी रेघ, तिला चिकटून एक रुंद लाट, लगेच एक वेगळ्याच आकाराची लाट, मग थोडी मोकळी जागा, आणि परत उभी रेघ. मशीन अगदी व्यवस्थित चालू होतं.

आता हे कसं काय, ते नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण पेसमेकरवाल्या बहुतेक घरात आता ऑक्सिमीटर, बीपी मशीन, कोणाच्या तरी हातात स्मार्टवॉच असतं आणि एखाद्या रात्री असा आकडा दिसतोच.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो, एसए नोड, तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा सिग्नल सोडतो. सिग्नल आधी वरच्या दोन कप्प्यांत पसरतो, मग मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर अडतो, तेवढ्यात वरचे कप्पे आपलं रक्त खाली रिकामं करतात, आणि मग तो खालच्या मोठ्या कप्प्यांत जातो. आत्याचा एसए नोड अजून चांगला आहे, तिची अडचण होती मधल्या वाटेत, ज्याला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. वरून सिग्नल निघतोय पण खाली पोचत नाहीये, मग खालचे कप्पे आपापलं मिनिटाला २०-४० च्या चालीने कसंबसं भागवतात. तुळशीबागेत घेरी येऊन पडली ती त्यामुळेच, आणि आम्ही आधी महिनाभर "ऊन लागलं असेल, नीट खात नाहीस" असं म्हणत बसलो, ते अजून मनाला लागतं.

तिच्या पेसमेकरला दोन वायर आहेत, एक वरच्या कप्प्यात, एक खालच्या. वरची वायर मुख्यतः ऐकायचं काम करते, एसए नोडचा सिग्नल आला की मशीन ठरलेला छोटासा वेळ थांबतं आणि खालच्या वायरमधून ठोका देतं. म्हणून आत्या जिना चढली की एसए नोड वेग वाढवतो आणि पेसमेकर त्याच्या मागे मागे जातो, ६० ला अडकून राहत नाही. खालची वायरसुद्धा ऐकते. खालच्या कप्प्याने स्वतःहून ठोका मारला तर मशीन गप्प बसतं आणि तिथून पुढे नव्याने वेळ मोजायला लागतं. हे फार महत्त्वाचंय, कारण आधीच्या ठोक्यातून हृदय सावरत असताना चुकीच्या क्षणी वीज दिली तर लय बिघडू शकते.

त्या रात्री आत्याच्या खालच्या कप्प्यातून जादा ठोका निघत होता, डॉक्टर ज्याला एक्स्ट्रा बीट म्हणतात, पेसमेकरच्या प्रत्येक ठोक्यामागे एक. आता हिशोब करू. पेसमेकरचा ठोका पडला, साधारण अर्ध्या सेकंदाने जादा ठोका आला, मशीनने तो ऐकला आणि तिथून एक पूर्ण सेकंद थांबलं, कारण ६० म्हणजे सेकंदाला एक. मग परत पेसमेकरचा ठोका. म्हणजे दीड सेकंदाचं एक चक्र आणि त्यात दोन ठोके. मिनिटात अशी ४० चक्रं, ठोके ८०. पण जादा ठोका वेळेआधी येतो, तेव्हा कप्पा अजून भरलेलाच नसतो, त्यामुळे रक्त थोडंच ढकललं जातं आणि ती कमजोर लाट मनगटापर्यंत, बोटापर्यंत पोचतच नाही. बोटाला कळतात ते ४०. मी डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, टायमर रीसेट होणं रोज फळ्यावर काढते, पण आत्याच्या ईसीजीवर ते मोजताना हात थरथरत होते.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडतो आणि रक्ताची लाट आली की प्रकाश किती कमी झाला ते बघतो. घड्याळाच्या मागचा हिरवा दिवा हेच काम मनगटावर करतो. डिजिटल बीपी मशीन पट्ट्यातल्या दाबाची थरथर मोजतं. तिघंही मोजतात नाडी, म्हणजे रक्ताची लाट. हृदयातली वीज त्यांच्यातलं कोणीच बघत नाही. घड्याळात ईसीजीची सोय असेल तर ती वीज बघते खरी, पण पेसमेकरचा पल्स, म्हणजे त्याने दिलेला विजेचा झटका, असतो जेमतेम ०.४ मिलिसेकंदाचा, घड्याळ सेकंदाला काही शे नोंदी घेतं, त्यामुळे तो दोन नोंदींच्या मधल्या फटीत हरवू शकतो, शिवाय पेसमेकरची लाट रुंद असल्यामुळे घड्याळ बरेचदा "निष्कर्ष नाही" असंच सांगतं. तेवढ्यावरून घाबरायचं नाही आणि निर्धास्तही व्हायचं नाही. गार बोटं, गडद नेलपॉलिश, हलणारा हात यानेसुद्धा ऑक्सिमीटर चुकतो.

पण डोळ्यासमोर अंधारी येत असेल, शुद्ध हरपली, दम लागत असेल, छातीत दुखत असेल, तर मोजामोजी करत बसू नका, १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. उचकी लागून थांबतच नसेल तर तेही लगेच कळवायचं, वायर सरकून श्वासपटलाला झटके देत असू शकते. जखमेपाशी लाली, सूज, पाणी किंवा ताप असेल तरी तेच.

आता पलंगाशेजारचा बॉक्स. आत्याच्या पेसमेकरबरोबर घरी ठेवायचा मॉनिटर मिळाला, जाडजूड पुस्तकाएवढा, आत सिम असतं. काही नवीन पेसमेकरना बॉक्स लागत नाही, मोबाईलमधलं ॲपच ते काम करतं, मग ब्लूटूथ चालू ठेवायचं आणि ॲप बंद पडू द्यायचं नाही. आमच्याकडे बॉक्स लावून झाला, हिरवा दिवा आला, आणि आठवड्याने हॉस्पिटलमधून टेक्निशियनचा फोन, "आजींच्या मशीनकडून काहीच येत नाहीये." कारण सापडलं ते अगदी आपल्या घरातलं. काका रात्री झोपण्याआधी घरभर फिरून सगळ्या प्लगची बटणं बंद करतात, पन्नास वर्षांची सवय, त्यात हेही बटण बंद. आणि बॉक्स तर पेसमेकरशी बोलतो नेमका रात्री, आत्या झोपलेली असताना! मग त्या बटणावर चिकटपट्टी लावली.

जागासुद्धा नीट निवडावी लागते. असे बरेच पेसमेकर ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात, ही फ्रिक्वेन्सी शरीरातून बऱ्यापैकी आरपार जाते, पण पॉवर ठेवायची २५ मायक्रोवॅटच्या आत. एक छोटा लाल एलईडी साधारण २० मिलिवॅट खातो, म्हणजे ही पॉवर त्याचा आठशेवा भाग. त्यामुळे बॉक्स झोपायच्या जागेपासून दीड-दोन मीटरच्या आत हवा, कपाटाच्या आत किंवा पलीकडच्या खोलीत टीव्हीशेजारी चालत नाही. पुढे त्याला मोबाईलचं नेटवर्कही लागतं, आणि आत्याच्या जुन्या वाड्याच्या जाडजूड भिंतींत ते फक्त खिडकीपाशी येतं, म्हणून शेवटी पलंगच खिडकीकडे सरकवला. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली तर हरकत नाही, पेसमेकर स्वतःच्या बॅटरीवर चालतो, बॉक्सशी त्याच्या चालण्याचा काही संबंध नाही, राहिलेला निरोप नंतर जातो.

हा बॉक्स सांगतो ते असं: बॅटरी किती उरली, वायरचा रोध ठीक आहे का, म्हणजे ती कुठे तुटली किंवा सुटली नाही ना, किती टक्के ठोके मशीनने दिले, जादा ठोके किती आले, वरच्या कप्प्यांची लय मधे बिघडली होती का. हे शेवटचं फार मोलाचं, कारण ती बिघडलेली माणसाला बरेचदा जाणवतही नाही आणि त्यातून गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. एक गैरसमज मात्र सगळ्यांचा असतो, आमचाही होता, की पलीकडे कोणीतरी चोवीस तास बघत बसलंय. तसं नाहीये. रिपोर्ट ठरलेल्या वेळी किंवा काही बिघाड दिसला की जातो आणि क्लिनिकची माणसं कामाच्या वेळात तो बघतात.

बॅटरी किती टिकेल हे आत्याने दहा वेळा विचारलं, तर साधारण ८ ते १२ वर्षं. एका पल्सला अडीच व्होल्ट आणि ५०० ओहम धरले तर ऊर्जा लागते ५ मायक्रोज्यूल, दिवसाचे ८६,४०० ठोके, म्हणजे अर्ध्या ज्यूलच्याही आत. एक किलो साखरेची पिशवी चार-साडेचार सेंटीमीटर उचलायला जेवढी लागते तेवढ्यात आत्याचं हृदय दिवसभर चालू ठेवायचा इशारा मिळतो. १९५८ च्या ८ ऑक्टोबरला स्टॉकहोमला ऑके सेनिंग आणि रूने एल्मक्विस्ट यांनी आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासच चालला. लार्सन तेव्हा ४३ वर्षांचे. त्यांना आयुष्यभरात वीसपेक्षा जास्त पेसमेकर बदलावे लागले, पण ते २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. आत्याला हे सांगितलं तेव्हा तिने लार्सनचं वय दोनदा विचारून घेतलं.

बाकी घरातलं पटकन सांगते. मोबाईल पेसमेकरपासून १५ सेंटीमीटर लांब, छातीच्या खिशात नको, उजव्या कानाला लावायचा कारण मशीन डावीकडे आहे. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब. मिक्सर, फ्रिज, टीव्ही चालतात. चरबी मोजणारा वजनकाटा नको, तो शरीरातून वीज सोडतो. डावा हात पहिले चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, वायरचं टोक आत पक्कं धरलं जाईपर्यंत, पण हात अगदी बांधूनही ठेवायचा नाही, खांदा आखडतो. आत्याला वेणी घालायला मग शेजारच्या काकू यायच्या.

सहा आठवड्यांच्या तपासणीला डॉक्टरांनी स्क्रीनवर त्या रात्रीची नोंद दाखवली, जादा ठोक्यांचा उंच खांब अगदी त्याच तारखेला. रक्तात पोटॅशियम कमी निघालं होतं, औषध बदललं, पुढचे खांब बुटके होत गेलेले दिसत होते. काकांनी आता वहीत दोन रकाने आखलेत, "बोट" आणि "छाती", रोज संध्याकाळी स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट मोजतात. परवाची नोंद होती: बोट ६८, छाती ६८, सारसबागेत दोन फेऱ्या.