सायकलचं हँडल आणि स्वादुपिंड

ठाण्यात येऊरच्या उतारावरून उपवनकडे येताना आमच्या सोसायटीतला आठ वर्षांचा पोरगा सायकलवरून पडला. रक्त नाही, खरचटलं नाही, म्हणून घरी बोललाही नाही. रात्री पोट दुखायला लागलं. आजीने बेंबीभोवती हिंग चोळला, आईने तलावपाळीवरच्या पाणीपुरीला दोष दिला. सकाळी उलट्या थांबेनात. डॉक्टरांनी शर्ट वर केला तेव्हा बेंबीच्या वर रुपयाएवढा गोल, जांभळा डाग दिसला. हँडलच्या टोकाचा. त्यांनी लगेच रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडातला चरबी पचवणारा रस, तपासायला सांगितलं.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवं टेकलेलं असतं. लहान मुलांच्या पोटावर स्नायूंचं आणि चरबीचं कवच पातळ. हँडल पोटात घुसलं की ही मऊ ग्रंथी कण्यावर चेपली जाते, पाट्यावर वरवंटा पडावा तशी.

पुढचं नुकसान तिच्याच मालामुळे होतं. मांस पचवणारं ट्रिप्सिन इथे तयार होतं, पण निष्क्रिय रूपात, म्हणजे कुलूप लावून. ते उघडायचं लहान आतड्यात. पेशी दुखावल्या की कुलूप जागच्या जागीच उघडतं, एक ट्रिप्सिन दुसऱ्याला जागं करतं आणि ग्रंथी स्वतःलाच पचवू लागते. हाच स्वादुपिंडदाह, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस. विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी हा तर्क 1896 साली मांडला होता. ठिणगी पडण्याची कारणं आता बरीच माहीत आहेत, पण ती पेटते ती बहुधा अशीच.

मोठ्यांमध्ये दारू आणि पित्ताचे खडे हीच नेहमीची कारणं. मुलांमध्ये मार, गालगुंडासारखे विषाणू, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध, रक्तातली बेसुमार चरबी, नलिकांची जन्मजात वेडीवाकडी ठेवण, शिवाय पित्ताचे खडेही. दुखणं पुन्हा पुन्हा उलटत असेल तर जनुकांकडे बघावं लागतं. ट्रिप्सिनच्या पीआरएसएस 1 या जनुकातला दोष 1996 साली सापडला. भारतीय रुग्णांमध्ये मात्र स्पिंक 1 मधला बदल जास्त आढळतो. अवेळी जागं झालेलं ट्रिप्सिन आवरणारं प्रथिन या जनुकातून बनतं.

निदानासाठी तीनपैकी दोन गोष्टी लागतात: पोटदुखी, नेहमीच्या कमाल पातळीच्या किमान तिप्पट लायपेज किंवा अमायलेज (पिष्ट पचवणारा रस), आणि सोनोग्राफी किंवा स्कॅनमध्ये सूज. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नये. आतड्यातला वायू मध्ये आला की स्वादुपिंड दिसतच नाही.

उपचार ऐकून नातेवाईक नाराज होतात. सलाइन आणि वेदनाशामक, बस. अँटिबायोटिक उगाच देत नाहीत. पूर्वी दिवसेंदिवस उपाशी ठेवायचे. आता दुखणं सौम्य असेल तर एक-दोन दिवसांत खायला सुरू करतात. आमच्या पठ्ठ्याने तिसऱ्या दिवशी मऊ भात मागून घेतला. मारानंतर कधीकधी काही आठवड्यांनी स्वादुपिंडाजवळ पाण्याची गाठ धरते, म्हणून महिन्याने पुन्हा सोनोग्राफी झाली. गाठ नव्हती.

सायकल जिन्याखाली उभी होती. उजव्या मुठीचं रबर फाटून लोखंडी नळीचं तोंड उघडं पडलं होतं. वडिलांनी नवी मूठ बसवली, तीस-चाळीस रुपयांची.