मागाच्या कारखान्यातून निघालेली मोटार
आमच्या गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इचलकरंजीतल्या आमच्या गॅरेजला येणाऱ्या बहुतेक गाड्या सुझुकीच्या, म्हणजे आपण ज्यांना नुसतं ‘मारुती’ म्हणतो त्या. गाडी कामाला लावून बाकड्यावर बसलेले ग्राहक फिरून फिरून दोनच गोष्टी विचारतात. हिचा पत्रा एवढा पातळ का? आणि पत्रा पातळ असूनही ही चालते कशी एवढी वर्षं? दोन्हीचं उत्तर एकच आहे, पण ते गडबडीत सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्रक. आमचं गॅरेज कंपनीचं अधिकृत केंद्र नाही, तेव्हा इथं जाहिरात नाही आणि भीडही नाही.

माग, धोटा आणि मिचिओ सुझुकी

जपानमध्ये तोक्यो आणि ओसाका यांच्या दरम्यान, समुद्राच्या अंगाला हामामात्सु नावाचं शहर आहे. हा जुना कापसाचा आणि विणकामाचा मुलूख. इथल्या शेतकरी घरात १८८७ साली मिचिओ सुझुकी जन्मले. चौदाव्या वर्षी ते एका सुताराकडे उमेदवारीला लागले. रशिया-जपान युद्धाच्या काळात बांधकामं थंडावली, तेव्हा त्या सुतारानं हातमाग बनवायला घेतले आणि मिचिओ त्यात तयार झाले. उमेदवारी संपल्यावर त्यांनी आईसाठी पायानं चालणारा लाकडी माग बनवला. तो शेजारीपाजारी आवडला, मागणी येऊ लागली आणि १९०९ साली त्यांनी स्वतःचा मागाचा कारखाना काढला. आपल्या इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला तो १९०४ साली. म्हणजे दोन्ही गावं साधारण एकाच वेळी मागाच्या नादाला लागली. आपण कापड विणत राहिलो, ते माग बनवत राहिले.

मिचिओंचं डोकं कुठं चालायचं हे मागवाल्यांना लगेच कळेल. आडवे रंगीत पट्टे विणायचे तर धोटा, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा तुकडा, बदलावा लागतो, आणि हातानं बदलायचा म्हणजे माग थांबला. त्यांनी धोट्याची पेटी वरखाली करणारी रचना मागावर बसवली आणि १९१२ साली तिची नोंदणी करून घेतली. आपण ज्याला ड्रॉपबॉक्स म्हणतो त्याच जातीचं हे काम. पुढं लुंगीसारखं सारोंग विणणारे माग त्यांनी दक्षिण-पूर्व आशियात पाठवले. १९२० साली कारखान्याची रीतसर कंपनी झाली, आणि सुझुकी मोटारची कंपनी म्हणून स्थापना याच सालापासून धरतात.

एवढं बरं चाललेलं असताना मोटारीचं खूळ कशाला? कारण माग टिकतो. आपल्या गावात आजोबांच्या वेळचे माग नातवाच्या शेडमध्ये खडखडताना कुणी पाहिले नाहीत? एकदा घेतला की गिऱ्हाईक परत येत नाही, ही मागवाल्या कारखानदाराची कायमची अडचण. मिचिओंनी ती ओळखली. १९३७ साली त्यांनी ऑस्टिन सेव्हन ही छोटी इंग्रजी गाडी समोर ठेवून मोटारीचे प्रयोग सुरू केले. दुसऱ्या महायुद्धानं ते बंद पाडले. युद्धानंतर १९५१ च्या सुमारास कापसाचा बाजार कोसळला आणि मागाचा धंदा अक्षरशः पाण्यात गेला. मग १९५२ साली सायकलला जोडायचं ३६ सीसीचं इंजिन आलं, ‘पॉवर फ्री’. ते नुसत्या इंजिनवर चालायचं, नुसत्या पायडलवर चालायचं किंवा दोन्ही मिळून. त्यामागचं डोकं मिचिओंचे जावई शुन्झो यांचं. हा गृहस्थ मासेमारीचा शौकीन आणि वाऱ्याच्या विरुद्ध सायकल मारून कंटाळलेला. १९५४ साली कंपनीच्या नावातून माग गेला आणि मोटार आली.

जाता जाता सांगायला हवं, टोयोटासुद्धा मागातूनच निघाली. त्या घराण्याचे मूळ पुरुष साकिची तोयोदा यांचं गाव कोसाई, हामामात्सुच्या पश्चिमेला लागूनच. यामाहाचं मूळ हामामात्सुचं आणि होंडाची सुरुवातही तिथलीच. एका विणकरी मुलखातून एवढी इंजिनं बाहेर पडली याचं आम्हाला तरी नवल वाटत नाही. ज्याला माग लावता येतो त्याला लोखंड बोलतं करता येतं.

तीनशे साठ सीसीची शिस्त

आता पत्र्याकडे येऊ. युद्धानंतर जपान सरकारनं छोट्या गाड्यांचा एक वेगळा वर्ग ठेवला. त्याला ‘केई’ म्हणतात. गाडी ठरलेल्या मापात बसली तर कर कमी. १९५५ च्या सुमारास माप होतं लांबी ३ मीटर, रुंदी १.३ मीटर आणि इंजिन ३६० सीसी. एवढ्यात चार माणसं, सामान, इंजिन आणि चार चाकं कोंबायची. सुझुकीची पहिली गाडी ‘सुझुलाइट’ १९५५ साली आली ती याच चौकटीत. इंजिन आडवं, ताकद पुढच्या चाकांना, म्हणजे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब शाफ्ट नको, मधला उंचवटा नको, वजन नको. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जपानमधल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी ही एक. आज तुमच्या अल्टोचं बॉनेट उघडलं तर मांडणी तीच दिसेल.

हे माप पुढं वाढत गेलं. १९७६ साली ५५० सीसी झालं, १९९० साली ६६०. पण चौकटीत बसवायची सवय सुझुकीच्या हाडात भिनली. एक खिळा जास्त नको, एक किलो जास्त नको. पातळ पत्रा हा त्याच हिशेबाचा भाग आहे, आणि गाडीचं ॲव्हरेजसुद्धा. जुन्या मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुरतं, लहान ब्रेक पुरतात, बारा इंची चाकं पुरतात. सगळंच हलकं, म्हणून झीज कमी आणि सुटे भाग स्वस्त.

हलकेपणाची दुसरी बाजूही सांगतो. २०१४ साली ‘ग्लोबल एनकॅप’ संस्थेनं भारतातल्या गाड्या धडकवून पाहिल्या, तेव्हा एअरबॅग नसलेल्या अल्टो ८०० आणि स्विफ्टला प्रौढांच्या सुरक्षेत एकही तारा मिळाला नाही. दहा वर्षांनी, २०२४ साली, नव्या डिझायरला त्याच संस्थेकडून पाच तारे मिळाले. तेव्हा ‘मारुती म्हणजे डबा’ हे सरसकट खरं नाही आणि ‘सगळ्या मारुती सारख्याच’ हेही नाही. जुनी गाडी महामार्गावर शंभराच्या पुढं दामटू नका, एवढं आमचं कळकळीचं सांगणं. पत्रा ठोकून सरळ करता येतो.

ओसामू सुझुकी, कंपनीचे जावई

आपण ज्या सुझुकीला ओळखतो ती घडवली ओसामू सुझुकी यांनी. जन्म १९३०, गिफू प्रांतातलं गेरो गाव, मूळ आडनाव मात्सुदा. बँकेत नोकरीला होते. मिचिओंच्या नातीशी लग्न झालं, सासरचं आडनाव लावलं आणि १९५८ साली कंपनीत आले. जावयाला घरात घेऊन कारखाना त्याच्या हाती द्यायचा, ही या घराण्याची चाल; शुन्झोंच्या वेळीही तेच झालं होतं.

ओसामू १९७८ साली अध्यक्ष झाले तेव्हा कंपनीची अवस्था बरी नव्हती. धुराचे नवे नियम आले होते आणि सुझुकीची टू-स्ट्रोक इंजिनं त्यात बसत नव्हती. वर्षभरापूर्वीच एका मॉडेलसाठी चक्क दायहात्सुचं इंजिन विकत घ्यायची वेळ आली होती. दुसऱ्याचं इंजिन आपल्या बॉनेटखाली बसवायचं म्हणजे कारखान्याच्या पोटात केवढं दुखलं असेल! त्यावर ओसामूंनी काढलेला उतारा म्हणजे मे १९७९ मधली अल्टो, किंमत ४ लाख ७० हजार येन. जपानमध्ये प्रवासी गाडीवर वस्तुकर होता, मालवाहू गाडीवर नव्हता. मग अल्टो कागदोपत्री मालवाहू केली: मागं सामानाची जागा मोठी, मागचं सीट नावाला. खर्च कापताना पलीकडच्या दाराचं कुलपाचं भोकसुद्धा ठेवलं नाही आणि काचेवर पाणी मारायला हातानं दाबायचा रबरी फुगा दिला. बायकांना बाजारहाट करायला, पोरं शाळेत सोडायला घरात दुसरी गाडी हवी होती. तिला चार दारांचा थाट नको होता. अल्टो धडाक्यात खपली.

जिम्नीचं श्रेयही बरंचसं त्यांनाच. होप नावाच्या एका छोट्या कंपनीनं चारही चाकांवर चालणारी छोटी गाडी बनवली होती, पण ती खपत नव्हती. तिचे हक्क ओसामूंच्या आग्रहानं घेऊन सुझुकीनं १९७० साली जिम्नी काढली, ३५९ सीसीची. नियमाच्या लांबीत बसावी म्हणून स्टेपनी मागं न लटकवता आत ठेवली, मग आत तीनच माणसं मावायची! तिच्याच वंशातली आपली जिप्सी १९८५ साली आली आणि लष्करानं ती पसंत केली. चिखलात, चढाला जिथं जड जीप रुतून बसते तिथं ही हलकी म्हणून निघून जाते. गुरुग्रामला बनलेली पाच दारी जिम्नी २०२५ च्या जानेवारीत जपानमध्ये जाहीर केली, तेव्हा चार-पाच दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास नोंदण्या होऊन कंपनीला नोंदणी थांबवावी लागली.

गुरुग्राम

भारत सरकारच्या मारुती उद्योगाबरोबर सुझुकीचा करार झाला ऑक्टोबर १९८२ मध्ये. सुझुकीचा वाटा तेव्हा २६ टक्के. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ८०० ची किल्ली दिली गेली. गाडीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कारखान्यातलं. साहेब आणि कामगार एकाच कॅन्टीनमध्ये जेवणार, सगळ्यांचा गणवेश एक, सकाळी कवायत. त्या काळात सरकारी कंपनीत हे म्हणजे अजबच होतं. ओसामू स्वतः कारखान्यांची पाहणी करत फिरायचे आणि कुठं दिवा उगाच जळतोय, कुठं माल उगाच उचलला जातोय ते हेरायचे. जे काम उतारावरून घरंगळत होतं त्याला मोटर कशाला, अशी त्यांची रीत.

२००२ साली सुझुकीकडे बहुमताचा वाटा आला. अमेरिकेतला मोटारींचा धंदा कंपनीनं २०१२ साली गुंडाळला, चीनमधला २०१८ साली. मोठ्या गाड्यांच्या बाजारात छोट्या गाडीवाल्याचं काही चाललं नाही. आज सुझुकीच्या निम्म्याहून जास्त गाड्या भारतात बनतात. ओसामू २५ डिसेंबर २०२४ रोजी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेले. भारत सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

आणि वॅगन-आर राहिलीच. लांबी-रुंदी नियमानं बांधलेली, मग १९९३ साली सुझुकीनं गाडी उंचच केली. खुर्चीवर बसावं तसं ताठ बसता येतं, गुडघे दुखणाऱ्याला वाकावं लागत नाही, आणि फेटा बांधलेले आबा वरातीला फेट्यासकट आत बसतात. आमच्याकडे ही १९९९ साली आली, तेव्हा दिसायला कुणाला आवडली नव्हती. आता बघा.

तुमच्या गाडीपुरतं

ऑइल. ‘जाड भरा, इंजिन टिकेल’ हा आग्रह आम्ही ऐकणार नाही. नव्या के-सिरीज इंजिनांना पातळ ऑइलच लागतं. काहींना कंपनीनं ०डब्ल्यू-१६ दिलंय. व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, तिथं जाड ऑइल वेळेवर पोचत नाही. ८०० किंवा जुन्या ओम्नीला मात्र हे पातळ ऑइल भरू नका. गाडीच्या पुस्तकात असेल ती ग्रेड, बाकी काही नाही.

टायमिंग. ८००, ओम्नी, जुनी अल्टो आणि पहिली वॅगन-आर यांना टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर हलवणारा पट्टा, आहे. हा पट्टा तुटायच्या आधी इशारा देत नाही. गाडी जागेवर उभी राहते. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि पट्टा कधी बदलला ते माहीत नसेल, तर आल्या आल्या बदलून घ्या. के-सिरीजला चेन आहे. तिचा खर्च सहसा येत नाही, पण ऑइल वेळेवर बदललं तरच.

तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरतंच, तो बिघाड नव्हे. थरथर अचानक वाढली तर इंजिनाचे रबरी माउंटिंग बघायचे, लगेच हेड काढायच्या गोष्टी कुणी केल्या तर दुसरीकडे विचारा.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलून रेडिएटरचे पाइप आणि गॅसवर चालत असेल तर जोडणीही दर सर्व्हिसला दाखवून घ्या. हे ठिकाण नजरेआड असल्यामुळं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथंच होतं.

शेवटचं आपल्या गावापुरतं. मागाच्या शेडला लागून उभ्या राहणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर आणि रेडिएटरची जाळी सुताच्या तुसानं भरते. इंजिन तापतं, एसी गार करत नाही आणि ॲव्हरेज पडतं. मग लोक एसीचा गॅस भरून घेतात आणि पैसे वाया घालवतात. आधी फिल्टर काढून झटका, जाळी उलट्या बाजूनं पाण्यानं धुवा. खर्चीवाले, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणारे, असाल आणि गाडी दिवसभर शेडच्या दारातच असेल, तर कंपनीनं सांगितलेल्या मुदतीची वाट न बघता फिल्टर आधीच दाखवून जा. फिल्टर बघायचे आम्ही पैसे घेत नाही.