कोलबर्ग अल्फा नव्हे, बीटा

मानसशास्त्राच्या उत्तरपत्रिका, झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्स आणि ‘दहा मिनिटांत अख्खा टॉपिक’ छापाचे व्हिडिओ, सगळीकडे जेंडर बायसबद्दल, म्हणजे सिद्धान्तातल्या स्त्री-पुरुषविषयक पूर्वग्रहाबद्दल, एकच गोंधळ. सिद्धान्तात बाईला कमी लेखलंय? लिहा ‘अल्फा बायस’. ‘स्त्री-पुरुष सारखेच’ असा सूर आहे? लिहा ‘बीटा बायस’, आणि तो जरा सौम्य गुन्हा असल्यासारखा सोडून द्या. असं लिहून मार्क मिळतात, याचा मला जास्त राग येतो.

ही जोडी रेचल हेअर-मस्टिन आणि जीन मॅरेसेक यांनी १९८८ साली ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात मांडली. नावं संख्याशास्त्रातून आली. नसलेला फरक ‘सापडला’ तर ती अल्फा चूक, असलेला फरक निसटला तर बीटा. ‘अल्फा मेल’ वगैरेशी काडीचाही संबंध नाही, कृपा करून तो जोडू नका. या व्याख्येत कुणाचा अपमान झाला, कुणाचं कौतुक झालं, याबद्दल अक्षरही नाही. प्रश्न एवढाच की फरकाचं काय केलं: ताणला (अल्फा) की पुसला (बीटा)?

फ्रॉइड तुम्हाला पाठ आहे, म्हणून भरभर. शरीररचनेतल्या फरकावरून स्त्रीचा पराहम् (सुपरइगो, म्हणजे मनातला नैतिक पहारेकरी) पुरुषाइतका कठोर होत नाही, असं त्यांनी १९२५च्या निबंधात म्हटलं. अल्फा. वाद नाही.

घोडं अडतं ते कोलबर्गपाशी. लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९५८च्या प्रबंधासाठी शिकागो परिसरातल्या दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या ७२ मुलांना नैतिक पेच घातले. ‘मुलांना’ म्हणजे मुलग्यांनाच. मुलगी एकही नाही. त्यांच्या उत्तरांच्या पायावर नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या उभ्या राहिल्या, आणि त्या माणसाच्या विकासाच्या पायऱ्या म्हणून सगळ्यांना लागू झाल्या. पुढे त्याच पट्टीने बायकांना मोजल्यावर त्यांतल्या बऱ्याच जणी तिसऱ्या पायरीवर, म्हणजे नाती आणि आपल्या माणसांच्या अपेक्षा सांभाळण्याच्या टप्प्यावर, आढळू लागल्या.

विद्यार्थी नेमका इथे फसतो. निकालात बाई खाली दिसते, म्हणजे फरक दाखवला, म्हणजे अल्फा. अहो, निकाल नंतर आला. पूर्वग्रह घडला तो नमुना निवडताना: मुलग्यांना विचारलं की मुलींचं कळलंच, वेगळं विचारायची गरज नाही, हे गृहीत धरलं तेव्हा. फरक असू शकतो ही शक्यताच तिथे पुसली गेली. हा बीटा. पुरुषाच्या मापाने शिवलेला सदरा बाईच्या खांद्यावर नीट बसला नाही, तर खोट खांद्यात काढायची का?

यात एक पीळ आहे, आणि चांगलं उत्तर तोच ओळखतं. १९६९ साली कोलबर्ग आणि क्रेमर यांनी सुचवलं की तिसऱ्या पायरीची नैतिकता घर सांभाळणाऱ्या बाईच्या आयुष्याला पुरेशी आहे. हे मात्र अल्फाकडे झुकतं. म्हणजे पद्धतीत बीटा, त्यातून निघालेल्या आकड्याच्या अर्थात अल्फा. एकाच माणसाच्या कामात दोन्ही असू शकतात. ‘कोलबर्ग = अमुक’ असं एका शब्दाचं लेबल मला म्हणूनच आवडत नाही; पण एकच शब्द लिहायची सक्ती असेल, तर बीटा लिहा.

मग येतात कोलबर्ग यांच्यावर टीका करणाऱ्या कॅरल गिलिगन, आणि नोट्समध्ये त्या ‘उपाय’ म्हणून येतात. १९८२च्या त्यांच्या पुस्तकात अकरा वर्षांचे जेक आणि एमी आहेत, आणि त्यांच्यापुढे कोलबर्ग यांचाच एक पेच. बायकोचा जीव वाचवायला हाइन्झने औषध चोरावं का? जेक ते गणितासारखं सोडवतो. एमी विचारते, पैसे उसने मिळतील का, औषधवाल्याशी नीट बोलता येणार नाही का. कोलबर्गच्या पट्टीवर एमी एक अख्खी पायरी खाली उतरते. पट्टीच पुरुषांच्या मापाची, ही गिलिगन यांची टीका बिनतोड आहे. पण त्यापुढे जाऊन बायकांचा काळजीचा आवाज आणि पुरुषांचा न्यायाचा आवाज अशी जी विभागणी वाचकांच्या मनात रुजली, ती अल्फाच, बाईच्या बाजूची असली तरी. लॉरेन्स वॉकर यांनी १९८४ साली उपलब्ध अभ्यास तपासले, तेव्हा नैतिक विचारात स्त्री-पुरुष फरक फारच थोड्या ठिकाणी निघाले, आणि त्यांतल्या काहींमागे शिक्षणातली तफावत होती. कौतुकाच्या सुरात आलेला अल्फा कुणी अल्फा म्हणून ओळखत नाही, याचा मला खरोखर वैताग येतो.

पुरुषकेंद्रितता हा तिसरा शब्द या दोघांशेजारी उगाच तिसरा प्रकार म्हणून मांडतात. पुरुष हाच मापदंड धरण्याची ती सवय. तिच्यातून अल्फाही निघतो, बीटाही. पुढे.

बीटा म्हणजे निष्कर्ष चुकीचाच, असंही नाही. मिल्ग्रॅम यांच्या १९६३च्या प्रसिद्ध प्रयोगात, जिथे हुकमावरून दुसऱ्या माणसाला विजेचे झटके (खरे तर खोटेच) द्यायचे होते, ४० पुरुष होते आणि ६५ टक्के जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. नंतर त्यांनी ४० स्त्रियांवर तोच प्रयोग केला, आणि आकडा पुन्हा ६५ टक्केच आला; स्त्रियांनी सांगितलेला ताण मात्र जास्त होता. तपासण्याआधी ‘माणूस आज्ञा पाळतो’ म्हणणं हा बीटा. तपासल्यावर तेच म्हणणं हा निष्कर्ष. याउलट ताणाच्या संशोधनात हे तपासणं कित्येक दशकं रखडलं. शेली टेलर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवून दिलं की १९९५पर्यंत ताणाला शरीर कसा प्रतिसाद देतं यावरच्या प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत स्त्रिया सुमारे १७ टक्केच होत्या. पाळीच्या चक्राने हार्मोन्सचे आकडे हलतात, ही सबब. आणि तरी ‘लढा किंवा पळा’, म्हणजे धोका दिसताच शरीर लढायला किंवा पळायला सज्ज होतं, हे सगळ्यांचं म्हणून शिकवलं जात होतं.

त्यामुळे मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांना ‘बीटा’च्या रकान्यात टाकणाऱ्यांना मी अर्धा मार्कही देणार नाही. त्या साम्याबद्दल बोलतात हे खरं, पण २००५ साली ४६ मेटा-विश्लेषणं (अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेली विश्लेषणं) एकत्र करून बोलतात. त्यांत ७८ टक्के फरक लहान किंवा जवळजवळ शून्य निघाले. उरलेल्यांत मोठे फरक कुठे आहेत तेही त्यांनी लिहिलंय: चेंडू किती वेगाने आणि किती लांब फेकता येतो, हा त्यातला एक.