शील्ड वेगळी, चॅम्पियनशिप वेगळी

२०२५च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या महिला फुटबॉलमधली कॅन्सस सिटी करंट हरली, त्या सकाळी मैत्रिणीचा मेसेज आला. "अगं, ही लीग तर त्यांनी सप्टेंबरमध्येच जिंकली होती ना? तूच फोटो पाठवला होतास. मग आता बाहेर कशा पडल्या?"

तिचा प्रश्न रास्त होता. फोटो मीच पाठवला होता आणि तो खराही होता. कॅन्सस सिटीने सप्टेंबरमध्ये जिंकली ती शील्ड. नोव्हेंबरमध्ये हातची गेली ती चॅम्पियनशिप. अमेरिकेच्या नॅशनल विमेन्स सॉकर लीगमध्ये एकाच हंगामात हे दोन मोठे मान दिले जातात. मराठी बातम्यांत दोन्हींना "विजेतेपद" असा एकच शब्द लागतो, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. उपांत्य फेरीच्या तोंडावर तर तो हमखास होतो. गुणतक्त्यात पहिला आलेला संघ "गतविजेता" म्हणून छापला जातो, आणि आठवा आलेला संघ उपांत्य फेरीत कसा, असं लोक विचारत राहतात.

शील्ड म्हणजे गुणतक्त्यातला पहिला क्रमांक. २०२५मध्ये चौदा संघ होते आणि प्रत्येकीचे २६ सामने. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतचं हे लांबलचक गणित, आणि शेवटी ज्यांचे गुण सर्वांत जास्त त्यांची शील्ड. वेगळा अंतिम सामना नाही. चॅम्पियनशिपचा खेळ त्यानंतर सुरू होतो. पहिले आठ संघ बाद फेरीत जातात. उपांत्यपूर्व, उपांत्य, अंतिम, असे तीनच सामने, हरलं की घरी. नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर जादा वेळ, तरीही नाही तर पेनल्टी. अमेरिकेत "चॅम्पियन" म्हणतात ते या तीन सामन्यांतून पार पडलेल्या संघाला. इंग्लंडच्या महिला सुपर लीगमध्ये तक्त्यात पहिला आला तोच विजेता, विषय संपला. अमेरिकेत मात्र तक्त्यातलं पहिलं स्थान हा एक मान आहे आणि बाद फेरी जिंकणं हा दुसरा.

आपल्याकडच्या फुटबॉलप्रेमींना हे समजायला खरं तर जड जाऊ नये. इंडियन सुपर लीगमध्येही शील्ड आणि कप असे दोन मान आहेत. पहिली शील्ड २०१९-२०मध्ये एफसी गोवाने जिंकली आणि त्या जोरावर एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. पण त्याच हंगामात चेन्नईयनने त्यांना उपांत्य फेरीत दोन सामन्यांच्या एकत्रित गोलसंख्येवर ६-५ असं बाहेर काढलं. फातोर्ड्याला गोव्याने ४-२ असा सामना जिंकला, पण चेन्नईतला १-४चा पराभव काही भरून निघाला नाही. पुढच्याच हंगामात मुंबई सिटीने शील्ड आणि कप दोन्ही उचलले. क्रिकेटमधलं उदाहरण तर याहून चटका लावणारं आहे. विमेन्स प्रीमियर लीगच्या पहिल्या तिन्ही हंगामांत, २०२३, २०२४ आणि २०२५मध्ये, दिल्ली कॅपिटल्स तक्त्यात पहिली आली, थेट अंतिम सामन्यात गेली आणि तिन्ही वेळा हरली. तिथे पहिल्या क्रमांकाला वेगळी शील्डही नाही.

आता कॅन्सस सिटीकडे परत येऊ, कारण शील्ड आणि चॅम्पियनशिप यांच्यात किती अंतर पडू शकतं हे त्या हंगामाइतकं कुठल्याच हंगामाने दाखवलेलं नाही. २६ सामन्यांत २१ विजय, दोन बरोबरी, तीन पराभव. ६५ गुण, लीगच्या इतिहासातले सर्वाधिक. दुसऱ्या क्रमांकावरच्या वॉशिंग्टन स्पिरिटपेक्षा २१ जास्त. पाच सामने बाकी असतानाच शील्ड त्यांची झाली होती. उपांत्यपूर्व फेरीत समोर आली आठव्या क्रमांकाची गॉथम एफसी, ३६ गुणांची. सामना कॅन्सस सिटीच्या घरच्या मैदानावर, खास महिला संघासाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये. मात्र १५ गोलांसह हंगामातली सर्वाधिक गोल करणारी मलावीची टेम्वा चाविंगा दुखापतीमुळे बाहेर होती. गॉथमने आघाडी घेतली, कॅन्सस सिटीने भरपाई वेळेत, म्हणजे नव्वद मिनिटांना लागून खोळंब्यापोटी मिळणाऱ्या मिनिटांत, बरोबरी साधली, आणि जादा वेळही संपत आलेली असताना गॉथमच्या केटी स्टेंगलने गोल केला. २-१. सव्वीस सामन्यांत कमावलेली २९ गुणांची आघाडी एका सामन्यात कामाला आली नाही.

हे अन्यायाचं आहे का? मला तसं वाटत नाही. शील्ड त्यांच्याकडून कुणी काढून घेतलेली नाही, घेऊही शकत नाही. कोण किती काळ, किती सातत्याने चांगलं खेळलं, याचं उत्तर शील्ड देते. एखादा वाईट आठवडा, आजारी पडलेली गोलरक्षक, राष्ट्रीय संघाकडे गेलेल्या तीन खेळाडू, हे सगळं हंगामभरात पचून जातं. बाद फेरी वेगळाच प्रश्न विचारते. आज, समोर असलेल्या या संघाविरुद्ध, जी माणसं उभी राहू शकतात त्यांना घेऊन, तुम्ही जिंकता का?

आणि म्हणूनच उपांत्य फेरी मला सगळ्यांत मोलाची वाटते. अंतिम सामन्याचं शहर आधीच ठरलेलं असतं, तिथे तक्त्यातल्या वरच्या स्थानाचा उपयोग उरत नाही. उपांत्य सामना मात्र वरच्या क्रमांकाच्या संघाच्या घरी होतो. शील्डच्या शर्यतीतली मेहनत कामी यायची ही शेवटची संधी. एकीकडे घरचं मैदान, ओळखीचा प्रेक्षक आणि प्रवासाची दगदग नाही, तर दुसरीकडे एका चुकीने संपणारा हंगाम.

घरच्या मैदानाचा फायदा किती, हे इतिहासात बघण्यासारखं आहे. लीग २०१३मध्ये सुरू झाली. २०२०मध्ये कोविडमुळे नेहमीचा हंगामच झाला नाही. उरलेले २०२५पर्यंतचे बारा हंगाम घेतले, तर शील्ड आणि चॅम्पियनशिप एकाच संघाला मिळाली फक्त तीनदा: नॉर्थ कॅरोलायना करेजला २०१८ आणि २०१९मध्ये, ऑरलँडो प्राइडला २०२४मध्ये. चार शील्डविजेते अंतिम सामन्यात हरले, चार उपांत्य फेरीत, आणि कॅन्सस सिटी त्याच्याही आधी. उपांत्य फेरीतले चारही पराभव घरच्या मैदानावरचे. त्यातले तीन तर ओळीने आले. २०२१मध्ये पोर्टलँड थॉर्न्स शिकागोकडून ०-२, २०२२मध्ये सिअ‍ॅटलचा संघ, तेव्हाचं नाव ओएल रेन, कॅन्सस सिटीकडून ०-२, २०२३मध्ये सॅन डिएगो वेव्ह त्याच रेनकडून ०-१. त्या तीन वर्षांत बाद फेरीत सहाच संघ असायचे आणि पहिल्या दोघांना थेट उपांत्य फेरीत जागा मिळायची. बक्षीस म्हणून दिलेली ही सूट. पण शील्डविजेत्या दोन-तीन आठवडे नुसता सराव करत थांबायच्या, आणि समोरचा संघ नुकताच एक जीवावरचा सामना जिंकून, अंगात ऊब घेऊन यायचा. केवळ त्यामुळेच त्या हरल्या असं मी म्हणणार नाही. पण तिन्ही सामन्यांत शील्डविजेत्या संघाला एकही गोल करता आला नाही, हे डोळ्याआड करण्यासारखं नाही. २०२४पासून आठ संघ आले आणि ही सूट गेली. आता पहिल्या क्रमांकालाही पहिल्या फेरीपासून खेळावं लागतं.

करेजचा २०१८चा हंगाम याच्या अगदी उलट. २४ सामन्यांत एकच पराभव, शील्ड खिशात, उपांत्य सामना घरी. आणि फ्लोरेन्स चक्रीवादळ नेमकं नॉर्थ कॅरोलायनावर येऊन धडकलं. सामना हलवावा लागला तो थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, पोर्टलँडला. शिकागोला तिथे २-० हरवलं. अंतिम सामनाही पोर्टलँडमध्येच होता, आणि समोर खुद्द पोर्टलँड. तोही ३-० जिंकला. शील्डने मिळवून दिलेली एकमेव सोय वादळाने हिरावून घेतली, तरी चॅम्पियनशिप त्यांच्याच हाती आली.

दोन्ही मान मिळवणाऱ्या ऑरलँडोचा २०२४चा उपांत्य सामना ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर शोधून पाहावा. कॅन्सस सिटीविरुद्ध, घरच्या मैदानावर. ऑरलँडो आधी मागे पडली, मग २-१ने पुढे गेली. ८२व्या मिनिटाला मार्ताकडे चेंडू आला. ब्राझीलची मार्ता, वय ३८. चेंडू डाव्या पायाशी चिकटल्यासारखा ठेवून ती बचावपटूंच्या मधून घुसली. फटका मारणार असं दाखवलं, समोरची बचावपटू घसरत आडवी गेली. गोलरक्षक पुढे आली, तर तिलाही वळसा. मग जाळ्यात अलगद. कॅन्सस सिटीने शेवटी आणखी एक गोल केला, म्हणून सामना ३-२ असा संपला. पण त्या एका धावेत मला दोन्ही मान एकत्र दिसतात. तिथवर ऑरलँडोला आणलं ते हंगामभराच्या ६० गुणांनी, आणि तिथून पुढे नेलं त्या दहा सेकंदांनी. पुढच्या शनिवारी वॉशिंग्टनला १-० हरवून त्यांनी चॅम्पियनशिपही घेतली.

वॉशिंग्टन त्या अंतिम सामन्यात पोचली तीही अशीच एका उपांत्य सामन्यातून. गॉथमविरुद्ध भरपाई वेळेत हॅल हर्शफेल्टने बरोबरी साधली, आणि पेनल्टीत गोलरक्षक ऑब्री किंग्सबरीने गॉथमचे तीनही फटके अडवले.

या दोन मानांमधलं अंतर कुणी सोसलं असेल तर लॉरा हार्वीने. सिअ‍ॅटलच्या प्रशिक्षक म्हणून २०१४, २०१५ आणि २०२२ अशा तीन शील्ड, पण २०२५पर्यंत चॅम्पियनशिप एकही नाही. २०१४मध्ये तर त्यांचा संघ पहिले सोळा सामने हरलाच नव्हता. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी अंतिम सामन्यात त्यांना हरवलं ते एफसी कॅन्सस सिटीने, २-१ आणि १-०. दोन्ही सामन्यांत मिळून विजेत्यांचे तीनही गोल एमी रॉड्रिगेझचे. हा क्लब आताच्या कॅन्सस सिटी करंटपेक्षा वेगळा, २०१७नंतर तो बंद पडला. पण प्रशिक्षक होते व्लात्को आंदोनोव्स्की, आणि २०२५मध्ये ६५ गुणांची शील्ड जिंकणाऱ्या करंटचे प्रशिक्षकही तेच. शील्ड न जिंकता दोन चॅम्पियनशिप, आणि दहा वर्षांनी चॅम्पियनशिपशिवाय विक्रमी शील्ड. एकाच माणसाने नदीचे दोन्ही काठ पाहिले.

मेगन रॅपिनोही हार्वीच्या त्या तिन्ही शील्डविजेत्या संघांत होती. २०२३चा अंतिम सामना तिच्या कारकिर्दीतला शेवटचा. सुरुवातीच्या काही मिनिटांतच पायाच्या मागच्या स्नायूबंधाने दगा दिला आणि ती गवतावर बसली ती उठून बाहेर जाण्यासाठीच. समोरच्या गॉथममध्ये अ‍ॅली क्रीगर होती, तिचाही तो शेवटचा सामना. गॉथम तक्त्यात सहावी येऊन इथवर पोचली होती आणि २-१ने जिंकली. त्यांना अंतिम फेरीत नेणारा उपांत्य सामन्यातला गोल, पोर्टलँडमध्ये, जादा वेळेत, कुणाचा होता? केटी स्टेंगलचा. दोन वर्षांनी कॅन्सस सिटीला बाहेर काढणारी तीच.

गॉथमला शील्ड कधीच मिळालेली नाही, चॅम्पियनशिप मात्र दोन आहेत. २०२५मध्ये कॅन्सस सिटीनंतर त्या ऑरलँडोला गेल्या. सामना ०-० असा जादा वेळेकडे चालला होता, आणि भरपाई वेळेत, ९६व्या मिनिटाला, जेडिन शॉने फ्री किकवर गोल केला. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून किती वाजले होते हे मी पाहिलंही नाही. अंतिम सामन्यात रोझ लव्हेलच्या गोलावर वॉशिंग्टन हरली. आठव्या क्रमांकाचा संघ चॅम्पियन होण्याची ही पहिलीच वेळ.

त्यामुळे उपांत्य फेरीआधी कुठलाही अंदाज वाचताना मी आधी हे पाहते की मांडलेला आकडा कुठल्या शर्यतीचा आहे. "सर्वांत कमी गोल खाल्ले", "घरी अपराजित", "२१ गुणांनी पुढे" हे शील्डचे आकडे. ते खोटे नसतात, पण त्यात बरोबरीला किंमत असते, आणि उपांत्य सामन्यात बरोबरी नावाची गोष्टच नसते. तिथे मला जाणून घ्यायचं असतं की कोण जायबंदी आहे, गेल्या आठवड्यात कुणी १२० मिनिटं खेळली, बाकावरून उतरून सामना फिरवणारी स्टेंगलसारखी कुणी आहे का, आणि पेनल्टीची वेळ आली तर गोलरक्षक कोण.

मैत्रिणीला मी हे सगळं लिहून पाठवलं. तिचा पुढचा प्रश्न लगेच आला: "मग दोघींत भारी कोण, हे ठरतं कधी?" त्याचीही सोय आहे. २०२४पासून चॅलेंज कप हा एकच सामना होतो, मागच्या वर्षीची शील्डविजेती विरुद्ध मागच्या वर्षीची चॅम्पियन. दोन्ही मान एकीकडेच असतील तर उपविजेती समोर येते, जशी २०२५मध्ये ऑरलँडोसमोर वॉशिंग्टन आली आणि पेनल्टीवर जिंकलीही. त्याआधी, २०२४च्या मार्चमध्ये, शील्डवाली सॅन डिएगो न्यू जर्सीत चॅम्पियन गॉथमच्या घरी गेली होती. ८८व्या मिनिटाला अ‍ॅलेक्स मॉर्गनने गोल केला, आणि त्या दिवशी शील्ड जिंकलेल्यांनी चॅम्पियन संघाला १-० हरवलं.