त्साउन: कुंपणाच्या पोटातलं गाव

जर्मनमध्ये कुंपणाला ‘त्साउन’ म्हणतात. शब्द साधाच. पण सीमा ओलांडून नेदरलँड्समध्ये गेलात की त्याचा भाऊ ‘टॉइन’ भेटतो, आणि त्याचा अर्थ बाग. इंग्रजीतला भाऊ तर आपल्या ओळखीचाच: टाउन. कुंपण घातलेली जमीन ती बाग, कुंपणाआडची वस्ती ते गाव. मराठी माणसाला याचं नवल वाटू नये. संस्कृतात ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपणातली जागा. तिथून आलेली आपली वाडी कोकणात नारळी-पोफळीची बागही असते आणि दहा-बारा घरांची वस्तीही. वाडी आणि त्साउन यांचं नातं मात्र काही नाही, वळण तेवढं सारखं.

आता तो ‘त्स’. दहा, दात, दोन म्हणून बघा. इंग्रजीत टेन, टूथ, टू. जर्मनमध्ये त्सेन, त्सान, त्स्वाय. या भाषा आणि आपली मराठी एकाच प्राचीन भाषेच्या लेकी. तिचा जुना ‘द’ आपण जपला, जर्मानिक भाषांनी, म्हणजे जर्मन, डच, इंग्रजी यांच्या कुळाने, त्याचा ‘ट’ केला, आणि पुढे सहाव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडच्या जर्मन बोलींनी त्या ‘ट’चा ‘त्स’ केला. यातला पहिला बदल याकोब ग्रिमने १८२२ मध्ये नियम म्हणून मांडला. हो, परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी थोरला. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने बरंचसं तेच १८१८ मध्ये छापलं होतं, पण नाव चिकटलं ते ग्रिमचं.

मग त्साउनच्या मुळाशीही ‘द’ हवा. तो सापडतो केल्टिक भाषांत, म्हणजे आयरिश, वेल्श यांच्या कुळात: ‘दून’, म्हणजे तटबंदीची गढी. फ्रान्समधल्या व्हर्डनच्या नावात तो अजून आहे. पण इथे एक गोम आहे. केल्टिकमधला हा ‘द’ मुळात ‘ध’ होता. तो शब्द जर्मानिक भाषांना घरच्या वारशाने मिळाला असता, तर त्यांच्याकडे ‘ट’ नव्हे, ‘द’च्या जवळचा उच्चार आला असता, विधवेचं इंग्रजीत ‘विडो’ झालं तसा. म्हणून बहुतेक अभ्यासक म्हणतात, हा शब्द शेजारच्या केल्टांकडून उसना घेतलेला. तोही ‘द’चा ‘ट’ होण्याआधी, म्हणजे इसवी सनाच्या बऱ्याच आधी. एका व्यंजनावरून उसनवारीचा काळ कळतो, हे मला फार आवडतं.

राज्य या अर्थाचा जर्मन ‘राइश’ही असाच केल्टांकडून आलेला. मूळ शब्द ‘रीग्’, म्हणजे राजा. आणि त्याचं आपल्या ‘राजा’शी नातं? ते मात्र अगदी रक्ताचं.