बोडोनी (मुद्राक्षर)

बोडोनी : जाड व बारीक रेषांतील तीव्र भेद, गोलाव्यांचा सरळ उभा तोल आणि केसासारखे सपाट सेरिफ (रेषेच्या टोकाशी असणारी आडवी रेघ) असलेले रोमन मुद्राक्षर. सालुत्सो येथे जन्मलेला इटालियन मुद्रक जांबात्तिस्ता बोडोनी (१७४०–१८१३) याच्यावरून हे नाव पडले. रोममध्ये प्रोपागांडा फीदे या धर्मप्रसार संस्थेच्या छापखान्यात उमेदवारी केल्यावर १७६८ मध्ये तो पार्माच्या ड्यूकच्या मुद्रणालयाचा प्रमुख झाला.

या वळणाचा जनक कोण, हा प्रश्न वादग्रस्त आहे. बोडोनीच्या १७७१ च्या नमुनापुस्तकावर पॅरिसचा अक्षर-ओतकार फूर्निये याची दाट छाप आहे. पूर्ण विकसित रूप त्याच्या कामात सु. १७९० नंतर दिसते. याउलट पॅरिसमध्ये फिरमँ दिदोने सु. १७८४ मध्येच सपाट, केशबारीक सेरिफची अक्षरे कोरली होती. त्यामुळे अग्रमान दिदोकडे जातो असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात दोघांच्याही मागे सतराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राजाश्रयाने घडलेली ‘रोमँ द्यु र्‍वा’ अक्षरे आणि इंग्लंडच्या बास्करव्हिलचे गुळगुळीत कागदावरील मुद्रण आहे. खरबरीत कागदावर इतकी बारीक रेघ उमटलीच नसती. दिदोची अक्षरे काटेकोर व कोरडी. बोडोनीच्या सेरिफचा सांधा पुष्कळदा किंचित गोलावलेला असतो, आणि त्याच्या पानाला ऊब येते ती त्यामुळेच.

हा जाड-बारीकपणा टोकदार, लवचिक टाकाचा आहे : दाब वाढला की रेघ फुगते. देवनागरीतील जाड-बारीकपणा तिरक्या कापलेल्या बोरूचा, म्हणजे हाताच्या दिशेवर अवलंबून असतो. म्हणून बोडोनीला जोड म्हणून देवनागरी अक्षरे निवडताना केवळ रेघांची जाडी जुळवून भागत नाही.

बोडोनी प्रत्येक आकारासाठी वेगळे ठसे कोरी. लहान आकारात बारीक रेघा थोड्या जाड ठेवी. पुढील अनेक पुनरुज्जीवनांत ही दृष्टी हरवली. एकच आराखडा सर्व आकारांत वापरल्यामुळे लहान मजकुरात रेघा तुटतात आणि ओळ डोळ्यांपुढे चमकू लागते. १९९४ च्या आयटीसी बोडोनी या आवृत्तीत ६, १२ व ७२ पॉइंटांसाठी (पॉइंट : अक्षराच्या आकाराचे माप) स्वतंत्र आराखडे केले गेले, ते या दोषावरच उपाय म्हणून. त्याआधीच्या आवृत्त्यांत अमेरिकेतील मॉरिस फुलर बेंटनची (विसाव्या शतकाचा आरंभ) आणि जर्मनीतील बाउअर या अक्षर-ओतशाळेची (१९२६) आवृत्ती महत्त्वाची. मूळ वळणाचा नाजूकपणा दुसरीत अधिक टिकला आहे.

बोडोनीचा ‘मानुआले तिपोग्राफिको’ हा नमुनाग्रंथ पत्नी मार्गेरीता हिने १८१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला. १८०६ मध्ये त्याने ख्रिस्ती प्रभूची प्रार्थना १५५ भाषांत छापली होती. त्याचे ठसे व मातृका (अक्षरे ओतण्याचे साचे) पार्माच्या बोडोनी संग्रहालयात आहेत.

आज मथळे, फॅशन नियतकालिके, सुगंधद्रव्यांची वेष्टने व बोधचिन्हे यांत या वळणाच्या अक्षरांचा वापर विशेष दिसतो. ‘व्होग’चे नाव दिदो वळणाच्या अक्षरांत आहे.