स्कॉटिश की ब्रिटिश? आधी जर्सी पाहावी

अँडी मरेने २०१३ साली विम्बल्डन जिंकले तेव्हा इंग्लंडची ७७ वर्षांची प्रतीक्षा संपल्याचे मराठीत अनेक ठिकाणी वाचायला मिळाले, आणि अजूनही अधूनमधून मिळते. मरे इंग्लंडचा नाही. तो ग्लासगोत जन्मला, डनब्लेन या लहान गावात वाढला आणि तो स्कॉटिश आहे. त्याच्याआधी १९३६ साली जिंकलेला फ्रेड पेरी मात्र इंग्लिश होता. या दोघांना एका वाक्यात बसवणारा शब्द ‘ब्रिटिश’ हाच आहे, आणि तोही ‘ब्रिटिश पुरुष’ असा पूर्ण लिहायला हवा, कारण मधल्या काळात, १९७७ साली, व्हर्जिनिया वेडने महिला एकेरीचे विजेतेपद मिळवले होते.

नकाशाचा भाग वाचकांना ठाऊक असतो, म्हणून तो एका दमात उरकतो. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स मिळून ग्रेट ब्रिटन. त्यात उत्तर आयर्लंड मिळवले की युनायटेड किंग्डम. स्कॉटलंड आणि इंग्लंड ही राज्ये १७०७ साली एकत्र आली. तेव्हा प्रत्येक स्कॉटिश माणूस ब्रिटिश नागरिक असतो, पण इंग्लिश नसतो. आपल्याकडे ‘इंग्रज सरकार’ हा शब्द रुळल्यामुळे ब्रिटनमधला प्रत्येक गोरा इंग्रज ठरला. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश होता, तरी आपल्या लेखी तो इंग्रजच. ही जुनी सवय मी समजू शकतो. ‘स्कॉच माणूस’ हा प्रयोग मात्र आता सोडून द्यावा. स्कॉच ही व्हिस्की असते, माणसे स्कॉटिश असतात.

मनोरंजनाच्या क्षेत्रात हा गोंधळ सहज सुटतो, कारण नट किंवा गायक सहसा कोणत्याही देशाच्या संघातून उतरत नाही. शॉन कॉनरी एडिंबरामध्ये जन्मला, तरुणपणी तिथे दूध पोहोचवण्याचे काम करत होता आणि त्याच्या दंडावर ‘स्कॉटलंड फॉरएव्हर’ असे गोंदलेले होते. १९६२ पासून त्याने जेम्स बाँड या ब्रिटिश गुप्तहेराची भूमिका गाजवली म्हणून तो इंग्लिश झाला नाही. आपले उच्चार त्याने फारसे कोणासाठी बदलले नाहीत. १९८६ च्या ‘हायलँडर’मध्ये स्पॅनिश नाव धारण केलेला मूळचा इजिप्तचा माणूस स्कॉटिश उच्चारांत बोलतो, कारण ती भूमिका कॉनरीची आहे, आणि त्याच चित्रपटातला स्कॉटिश नायक मात्र ख्रिस्तोफर लँबर्ट हा फ्रेंच नट साकारतो. याच्या अगदी उलट डेव्हिड टेनंट. स्कॉटलंडमधल्या बाथगेट गावचा हा नट दूरचित्रवाणीवर ‘डॉक्टर हू’ या मालिकेतल्या डॉक्टरच्या भूमिकेत इतके सफाईदार इंग्लिश उच्चार करत असे की कित्येकांना त्याचे मूळ मुलाखतींमधूनच कळले. डेबोरा कार तर हॉलिवूडमध्ये सभ्य, शालीन इंग्लिश स्त्रीचा नमुना म्हणून ओळखली गेली. तिचा जन्म ग्लासगोचा. दुसऱ्या टोकाला रॉड स्टुअर्ट आहे. त्याचे वडील स्कॉटिश होते आणि तो स्वतः स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचा कट्टर पाठीराखा आहे, पण जन्माने तो लंडनचा आहे. अशा माणसाला नेमके काय म्हणावे याचा निर्णय त्याच्यावरच सोडलेला बरा.

खरी अडचण खेळात येते. एकच स्कॉटिश खेळाडू कधी स्कॉटलंडचा असतो आणि कधी ब्रिटनचा, आणि यात त्याच्या मनाचा किंवा राजकारणाचा काहीही संबंध नसतो. ‘मरे जिंकला की ब्रिटिश आणि हरला की स्कॉटिश’ हा लंडनच्या वृत्तपत्रांवरचा विनोद आपल्याकडे इतक्यांदा उगाळला गेला आहे की हा सारा मामला लहरीचा आहे असा समज होऊन बसला आहे. तो लहरीचा नाही. त्या खेळाची संघटना कोणत्या पातळीवर बांधलेली आहे, एवढाच त्यात प्रश्न असतो.

सर्वांत सोपे उदाहरण कर्लिंगचे आहे. बर्फावरून ग्रॅनाइटचे जड दगड सरकवण्याचा हा खेळ मूळचा स्कॉटलंडचाच. ईव्ह म्युरहेडच्या संघाने २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकले तेव्हा संघातल्या सगळ्या खेळाडू स्कॉटिश होत्या, पण त्यांच्या पाठीवर ‘ग्रेट ब्रिटन’ लिहिलेले होते. याच म्युरहेडने २०१३ साली जागतिक अजिंक्यपद मिळवले ते स्कॉटलंडच्या नावाने. खेळ तोच आणि कर्णधारही तीच, तरी स्पर्धेप्रमाणे देश बदलतो. ऑलिंपिक समिती राष्ट्रीय ऑलिंपिक संघटनांना मान्यता देते आणि ब्रिटनची अशी संघटना एकच आहे. कर्लिंगच्या जागतिक संघटनेत मात्र स्कॉटलंड स्वतंत्र सदस्य आहे.

सायकलपटू ख्रिस हॉयच्या कारकिर्दीत हीच विभागणी दिसते. त्याची सहा ऑलिंपिक सुवर्णपदके ब्रिटनच्या खात्यात जमा आहेत, त्यांतली तीन एकट्या २००८ च्या बीजिंगमधली, आणि लंडनच्या २०१२ च्या उद्घाटन सोहळ्यात ब्रिटनचा ध्वज त्याच्याच हाती होता. राष्ट्रकुल स्पर्धांत मात्र, २००२ साली मँचेस्टरला आणि २००६ साली मेलबर्नला, तो स्कॉटलंडकडून उतरला आणि दोन्ही वेळा सुवर्ण घेऊन परतला. राष्ट्रकुलमध्ये ब्रिटन नावाचा संघच नसतो. हे आपल्या डोळ्यांसमोर घडलेले आहे: २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत टेनिसच्या मिश्र दुहेरीचे सुवर्ण कॉलिन फ्लेमिंग आणि जोसलिन रे यांनी स्कॉटलंडला मिळवून दिले. तोच फ्लेमिंग डेव्हिस चषकात ब्रिटनकडून खेळत असे, कारण डेव्हिस चषकात स्कॉटलंड हा संघ अस्तित्वात नाही. म्हणूनच मरेने २०१५ साली डेव्हिस चषक मिळवून दिला तो ब्रिटनला, आणि २०१२ व २०१६ ची त्याची एकेरीतली ऑलिंपिक सुवर्णपदकेही ब्रिटनचीच.

शंभर वर्षांपूर्वीचा एरिक लिडेल यांत सर्वांत बोलका आहे. चीनमध्ये स्कॉटिश मिशनरी दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या या धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायचे नाही म्हणून १०० मीटरची शर्यत सोडली आणि ४०० मीटर ४७.६ सेकंदांत जिंकून ब्रिटनला सुवर्णपदक दिले. त्याच्या आदल्या दोन हंगामांत तोच लिडेल स्कॉटलंडच्या रग्बी संघातून सात आंतरराष्ट्रीय सामने खेळला होता. एकाच माणसाच्या नावावर दोन देश आहेत आणि दोन्ही नोंदी बरोबर आहेत.

एका खेळात स्कॉटलंड वेगळा आणि दुसऱ्यात नाही, असे का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि माझ्या मते सगळे उत्तर तिथेच आहे. फुटबॉल आणि रग्बी हे खेळ जगभर पसरण्याआधी याच बेटावर नियमबद्ध झाले. जगातून स्पर्धक मिळण्यापूर्वी स्कॉटलंड आणि इंग्लंड हेच एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते. रग्बीचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना या दोघांत १८७१ साली एडिंबरामध्ये झाला आणि फुटबॉलचा ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळच्या पार्टिकमध्ये. फुटबॉलचा हा सामना ०-० असा सुटला. फिफाची स्थापना १९०४ ची. ती जन्मली तेव्हा चारही ब्रिटिश संघटना कधीच्या उभ्या होत्या, आणि त्या तशाच राहिल्या. ऑलिंपिकची घडी याच्या उलट, म्हणजे देश हे एकक मानून, बसवली गेली. म्हणून २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी ब्रिटनचा एकत्रित फुटबॉल संघ उभा करण्याची वेळ आली तेव्हा स्कॉटिश संघटनेला आपले स्वतंत्र स्थान धोक्यात येईल अशी भीती वाटली, आणि पुरुषांच्या त्या संघात एकही स्कॉटिश खेळाडू नव्हता.

फुटबॉलमधला आपल्याकडचा नेहमीचा घोटाळा क्लब आणि देश यांची सरमिसळ करण्यातून होतो. ॲलेक्स फर्ग्युसन २७ हंगाम मँचेस्टर युनायटेडचा व्यवस्थापक होता आणि त्याने १३ लीग विजेतेपदे मिळवली, म्हणून त्याला ‘महान इंग्लिश प्रशिक्षक’ म्हणणारे लेख मी मोजणे सोडून दिले आहे. फर्ग्युसन ग्लासगोच्या गोव्हन भागातला. १९८६ च्या विश्वचषकात तो स्कॉटलंडचा प्रशिक्षक होता. युनायटेडचाच पूर्वीचा व्यवस्थापक मॅट बस्बी, लिव्हरपूल घडवणारा बिल शँक्ली आणि त्याच लिव्हरपूलचा लाडका केनी डॅल्ग्लिश हे तिघेही स्कॉटिश. इंग्लंडचे क्लब फुटबॉल ज्यांनी मोठे केले त्यांच्यातली कितीतरी माणसे सीमेपलीकडची होती, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. स्नूकरमध्ये सात वेळचा जगज्जेता स्टीफन हेंड्री फलकावर स्कॉटलंडचा म्हणूनच दिसत असे. फॉर्म्युला वनमध्ये जिम क्लार्क आणि जॅकी स्टुअर्ट यांची नोंद ब्रिटिश अशी आहे, पण स्टुअर्टच्या हेल्मेटभोवतीचा टार्टनचा, म्हणजे पारंपरिक स्कॉटिश चौकड्यांचा, पट्टा न बोलता उरलेले सांगत असे.

आता क्रिकेट, जिथे वरचे सगळे नियम कोलमडतात आणि चूक करणाऱ्याला मी थोडी सूट द्यायला तयार असतो. क्रिकेटमध्ये एरवी ब्रिटनचा संघ नसतो. आज ‘इंग्लंड’ या नावाचा संघ इंग्लंड आणि वेल्स यांच्या संयुक्त मंडळाचा आहे, आणि १९९४ साली आयसीसीचे सहसदस्यत्व मिळेपर्यंत स्कॉटलंडला आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये स्वतःचे असे स्थान नव्हते. कसोटी खेळायची असेल तर स्कॉटिश माणसाला इंग्लंडचीच टोपी घालावी लागे. फलंदाजाच्या अंगावर मारा करण्याच्या ‘बॉडीलाइन’ डावपेचाचा सूत्रधार डग्लस जार्डिन आपल्या मनात पक्का, ताठर इंग्रज म्हणून बसलेला आहे. त्याचे आईवडील स्कॉटिश होते, बालपणाचा मोठा भाग सेंट अँड्र्यूजमध्ये मावशीकडे गेला आणि मृत्यूनंतर त्याची रक्षा स्कॉटलंडच्या डोंगरावर विखुरण्यात आली. आणि जन्म? जन्म मुंबईचा, १९०० सालचा. वडील तिथे वकिली करत. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली तेव्हा पाहुण्यांचा हा कर्णधार स्वतःच्या जन्मगावी खेळत होता.

मराठी क्रिकेटप्रेमींच्या मनात त्याहून खोल रुतलेले नाव माइक डेनेसचे आहे. १९७४ साली अजित वाडेकरचा संघ लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला तेव्हा समोरचा कर्णधार डेनेस होता, आणि नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथला सचिन तेंडुलकरसह सहा भारतीय खेळाडूंना शिक्षा करणारा सामनाधिकारीही तोच. त्या आठवड्यात ‘इंग्रजांची जुनी खोड’ असे जे काही बोलले आणि लिहिले गेले, त्याचे लक्ष्य बेल्सहिल या स्कॉटिश गावात जन्मलेला, इंग्लंडच्या आधी स्कॉटलंडकडून खेळलेला माणूस होता. (मॅट बस्बीही याच बेल्सहिलचा.) शिक्षा योग्य होती की नव्हती हा वाद इथे नको, ती देणारा इंग्रज नव्हता, एवढेच.

स्कॉटलंडचा संघ उभा राहिल्यावरही ये-जा थांबली नाही. गॅव्हिन हॅमिल्टन १९९९ च्या विश्वचषकात स्कॉटलंडकडून चमकला, त्याच वर्षाअखेर जोहान्सबर्गला इंग्लंडकडून एकमेव कसोटी खेळला, दोन्ही डावांत शून्यावर बाद झाला आणि काही वर्षांनी पुन्हा स्कॉटलंडकडे परतला. म्हणून क्रिकेटपटूच्या बाबतीत मी जन्मगावापाशी थांबत नाही, सामना कोणत्या साली आणि कोणाकडून खेळला हे पाहतो. १० जून २०१८ रोजी एडिंबराच्या ग्रेंज मैदानावर स्कॉटलंडने ३७१ धावा उभारून एकदिवसीय क्रिकेटमध्ये तेव्हा अव्वल असलेल्या इंग्लंडला सहा धावांनी हरवले. मार्क वुडला पायचीत करून तो विजय पूर्ण करणारा साफियान शरीफ जन्मला होता इंग्लंडमधल्या हडर्सफील्ड गावात.